तिसऱ्या गाण्यानंतर

माझ्या कॅसेटींच्या खोक्यात एका जुन्या सिनेमाची गाणी आहेत. आज ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये ती लावली आणि पहिल्याच गाण्याला मोहाचा उग्र वास आठवला.

लग्नाआधी मी मायसोबत आलापल्लीकडच्या जंगलात सकाळी मोहफुलं वेचायला जायची. वाकलेल्या बाईला वाघ जनावर समजतो, म्हणून आम्ही शेजारी टेप मोठ्यानं लावून ठेवायचो.

त्या दिवशी तिसरं गाणं झालं आणि कॅसेटची एक बाजू संपली. मी ती उलटवायला घेतली, तोच मागच्या झुडपात वाळली पानं चुरचुरली. पाखरं गप्प झाली.

"लाव ना व लवकर!" माय म्हणाली.

"हात चालून नाई राह्यले, माय."

तेव्हा जन्मात कधी न गायलेली माय तेच गाणं गायला लागली, बेसूर आणि मोठ्यानं. माझा दंड धरून, झुडपाकडं तोंड ठेवून, रस्ता लागेपर्यंत ती गात मागं सरकली. मला वाटलं, माय कशालाच भीत नाही. तो आवाज किती कापत होता, ते आता कळतं.

आज तिसरं गाणं संपलं. फीत नुसतीच सरसरत राहिली. दाराला कडी होती, तरी मी मोठ्यानं गायला लागले.