टोपी माझी होती

जुळ्या भावांच्या नाटकात खरेखुरे जुळे घ्यायचे, ही अक्कल आमच्या मंडळाला कुठून सुचली देव जाणे. मी माधव नगरात राहतो, माझा जुळा भाऊ इंदूरहून दर रविवारी तालमीला यायचा. तिसऱ्याच तालमीला दिग्दर्शक वैतागले. म्हणाले, "तुम्ही दोघं जुळे वाटतच नाही हो. जरा अभिनय करा."

प्रेक्षकांचा घोटाळा नको म्हणून मला काळी टोपी आणि त्याला लाल मफलर ठरला. माझा जीव मात्र शेवटच्या भाषणात अडकला होता. टोपीवाला पुढे येऊन म्हणतो, 'मी हा नव्हे. जन्मभर याच्या नावाने मला हाका मारल्यात, आता एकदा तरी माझ्याकडे नीट बघा.' पन्नास वर्षं हेच तर सोसलं होतं. रोज सकाळी नदीवरच्या राम घाटावर फिरताना मी ते घोकायचो. एका पंडितजींनी कळवळून विचारलंही, "किसका श्राद्ध करवाना है, भैया?" बायको म्हणायची, तुम्ही नुसते खोकलात तरी मी ओळखेन. तिने ते भाषण ऐकावं आणि हा माझा माणूस म्हणावं, एवढीच हौस होती.

प्रयोग रविवारी दुपारी होता. दुसरा अंक रंगात आला आणि प्रमुख पाहुणे उगवले. आमच्याकडे नाटक थांबतं, सत्कार थांबत नाही. सचिवांनी सगळ्या नटांना रांगेत उभं केलं, टोपी-मफलर काढून फेटे बांधले. पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं. पाहुणे अर्धा तास बोलले, तेही वेळेच्या महत्त्वावर. मग सचिवांनी घाईघाईत फेटे उतरवले, मफलर माझ्या गळ्यात घातला आणि टोपी भावाच्या डोक्यावर ठेवली.

मी म्हटलं, "अहो, टोपी माझी आहे."

"काय फरक पडतोय? चला, चला, पडदा वर गेला."

खरंच गेला होता. आता टोपी ज्याच्या डोक्यावर, तो टोपीवाला. दोघांचे संवाद दोघांनाही पाठ होते, त्यामुळे कुठे काही अडलं नाही. शेवटी भाऊ पुढे आला, माझ्याकडे बोट केलं आणि माझ्याच वाक्यांत लोकांना सांगू लागला की मी हा नव्हे. जिवाचा नुसता तळतळाट झाला. त्यात मेला बोलला फार सुंदर. यालाही आयुष्यभर हेच सलत होतं की काय, असं तेव्हा प्रथमच मनात आलं, आणि मला आणखीच राग आला.

परतताना टावर चौकात कुल्फी खायला थांबलो. बायकोने कुल्फी अर्धी खाऊन बाजूला ठेवली. मग म्हणाली, "शेवटचं भाषण फार लागलं हो मनाला. इतक्या वर्षांत तुम्ही असे मनापासून कधी बोललाच नाहीत."

खरं सांगायला तोंड उघडलं, पण तिचे डोळे भरलेले होते. म्हटलं, "रियाज केला होता ना."

घरी आल्यावर ती समोर खुर्ची घेऊन बसली. "एकदा फक्त माझ्यासाठी म्हणा."

मी उभा राहिलो. महिनाभर पोटात साठवलेलं सगळं त्या भाषणात ओतलं. शेवटच्या वाक्याला तिच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

तिने मान हलवली. "राहू द्या. आता तुम्ही नक्कल करताय."