पुस्तिका बाहेर नेण्याबाबत

जिल्ह्याच्या कचेरीतून गेल्या वर्षी एक तक्ता आला. दहावीच्या मुलांपर्यंत करिअरची माहिती पोचवायला शाळेला किती खर्च आला, ते त्यात भरायचं होतं. आमच्या मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, पेन झटकलं आणि त्या रकान्यात लिहिलं, 'निरंक'. मी शेजारीच उभी होते. माझं डोकं फिरलं. सरांच्या मोटारसायकलनं त्या मोसमात किती वाड्या-तांडे पालथे घातले होते, ते मला माहीत होतं. निदान पेट्रोल तरी लिहा म्हटलं, तर म्हणाले, "पेट्रोल लिवलं की पुस्तिका शाळेच्या भाईर कामून नेली ते बी लिवावं लागतंय, मॅडम."

हे उत्तर कळायला त्याच्या आधीच्या जूनमधली एक गोष्ट सांगायला हवी.

जळकोट तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात मी चित्रकला शिकवते. चित्रकलेचे तास कमी, म्हणून जे काम कुणालाच नको असतं ते फिरून माझ्याकडे येतं. वृक्षारोपण माझ्याकडे, तंबाखूमुक्ती माझ्याकडे आणि करिअर मार्गदर्शनही माझ्याकडेच. त्या वर्षी मार्गदर्शनाच्या चाळीस पुस्तिका आल्या. दहावीनंतर कुठे काय शिकता येतं, वसतिगृह कुठे आहे, अर्ज कसा करायचा, सगळं सोप्या मराठीत. सरकारी पैशातून इतकं नेटकं काम झालेलं मी क्वचितच पाहिलंय. एरवी आमच्या गावात करिअरची माहिती म्हणजे लातूरच्या क्लासेसचे बोर्ड, आणि त्यावर पांढरा कोट घातलेली मुलं. ज्याला परवडतं तो लातूर गाठतो. बाकीच्यांनी जवळच्या कॉलेजात नाव घालायचं, आणि मुलगी असेल तर पुढचं बघायला मामा-मावश्या तयारच असतात.

सरांनी प्रत्येक पुस्तिकेवर शिक्का मारला, साठा नोंदवहीत चाळीस चढवल्या, कपाटात ठेवून कुलूप लावलं. आधीच्या शाळेत सूक्ष्मदर्शकाचं एक भिंग हरवलं होतं, तर तपासणीवाल्यांच्या पत्रांना उत्तरं देता देता त्यांची दोन वर्षं गेली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच. तासाला पुस्तिका वाटायच्या, तास संपला की मोजून घ्यायच्या, घरी कुणी न्यायची नाही, असा नियम झाला. मी त्यांना पाठीमागे 'कुलूपबहाद्दर' म्हणत असे, हे इथे कबूल करते.

दहावीत एक मुलगी होती, गणितात पक्की. वडिलांचं गावात किराणा दुकान. तंत्रनिकेतनाचं पान तिनं दोन तासांतच पाठ करून टाकलं. नांदेडला जायचं, वसतिगृहात राहायचं, तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा, असं तिचं ठरलं. मी तिला त्या पानाचा फोटो काढून दिला. निकाल लागला, मार्क चांगले पडले आणि तिनं तो फोटो वडिलांना दाखवला. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून शाळेत आली. वडील म्हणाले होते की मोबाईलवर काय वाटेल ते येतं, छापील असेल तर दाखव. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. याच मोबाईलवर त्यांना एकदा लॉटरी लागली होती, आणि ती आणायला ते पार बँकेपर्यंत जाऊन आले होते.

अर्जाला चार दिवस उरले होते. तिला बाहेर उभं करून मी सरांच्या खोलीत गेले आणि एका दिवसासाठी पुस्तिका मागितली. सर नाही म्हणाले. मग माझाही तोल गेला. चाळीसच्या चाळीस पुस्तिका शाबूत राहतील आणि ही मुलगी जाईल वाया, तिची नोंद कुठल्या वहीत घेणार, असं काहीबाही बोलून गेले. बोलल्यावर आठवलं, माझा गोपनीय अहवाल हेच लिहितात.

सरांनी नोंदवही उघडून पुस्तिकांची नोंद पुन्हा एकदा वाचली. मग खिशातून किल्ली काढली.

"पुस्तिका एकटी भाईर जाणार न्हाई," ते म्हणाले. "मी संगं येतो. म्हंजे ती माझ्याच ताब्यात ऱ्हाती."

शनिवारची सकाळची शाळा सुटली तशी आमची वरात निघाली. पुढे मोटारसायकलवर सर, पुस्तिका शर्टाच्या आत. मागे माझ्या स्कूटीवर मी आणि ती. मला हसू आवरत नव्हतं. तिनं मात्र माझा खांदा इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

वडील कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसले होते. सरांना बघून उठले, खुर्ची पुसली, चहा सांगितला. सरांनी पुस्तिका काट्याशेजारी ठेवली, पण एक बोट तिच्यावरच ठेवलं. वडिलांनी आधी शिक्का पाहिला. मग ते पान ओळीओळीनं वाचलं. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, त्याला हातानंच थांबवलं. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून वडिलांच्या तोंडाकडे बघत होती.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, लिहिलंय ते चांगलंच आहे. पण तीन वर्षं पोर नांदेडला एकटी राहणार. लोकांचं सोडा, आपल्याच जिवाला घोर लागायचा. मग त्यांनी सरांकडे पाहिलं.

"सर, हिच्या जागी तुमची लेक असती तर धाडली असती का?"

आता भाषण होणार, असं मला वाटलं. मुलींच्या शिक्षणाची वाक्यं शाळेच्या भिंतीवर मीच रंगवलेली आहेत, ती सगळी सरांना पाठ. सरांनी पुस्तिकेवरचं बोट काढून घेतलं.

"माझी हाय की एक," ते म्हणाले. "तिला बी गणित लई यायचं. बारावी झाली आन् दिली. तवा ह्यातलं काईच ठावं नव्हतं मला, अप्पा. आन् मी मास्तर होतो."

सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम करतेय. त्यांना मुलगी आहे हे ठाऊक होतं, तिच्या गणिताचं ठाऊक नव्हतं. आपल्या जिभेची मला फार लाज वाटली.

वडिलांनी ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला साखर जोखून दिली. परत येऊन बसले. मुलीकडे न बघताच विचारलं, "हॉस्टेलात गादी तिथलीच ऱ्हाती, का घरून न्यावी लागती?"

सरांनी पान उलटलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. ते काही पुस्तिकेत छापलेलं नव्हतं.

"उद्या ऐतवार हाय," सर म्हणाले. "नांदेडला जाऊन इचारून येतो."