अर्थशास्त्राच्या मॅडमची कादंबरी

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं कथा लिहायला घेतल्या, की कथांपेक्षा किस्सेच भराभर जमतात. माझ्याकडे तर आता ठेवायला जागा नाही!

पीएच.डी.साठी बुटीबोरीतल्या कारखान्यांमधल्या कामगार बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. प्रबंध संपला, पण बायका काही डोक्यातून जाईनात. मग एकीवर कथाच लिहिली आणि भीत भीत विभागप्रमुखांना वाचायला दिली. सरांनी ती गंभीर चेहऱ्यानं परत केली.

“छान आहे मॅडम. पण एकाच बाईवरून एवढा मोठा निष्कर्ष?”

*

प्रमोशनच्या मुलाखतीत हौसेनं कथासंग्रह पुढे ठेवला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तो चाळला.

“यात संशोधन काय आहे?”

“काहीच नाही सर. सगळं मनानंच लिहिलंय.”

“मनानं आम्हीही लिहितो हो, पण कबूल नाही करत!”

प्रमोशन मिळालं. पुस्तकाचे गुण मात्र शून्य!

*

नंदनवन भागात राहणाऱ्या आत्यानं संग्रह वाचून तडक फोन केला. “त्यातली भांडखोर नणंद मीच नं वं?”

मी घाबरून शपथ घेतली. “नाही वं आत्या, तू नाहीस त्यात!”

पलीकडून रडवेला आवाज, “काहून? माहं भांडण काय कमी हाय?”

*

मग कादंबरी. तिची नायिका सुनंदा एका ठिकाणी आमच्या बोलीत म्हणते, ‘मी स्वयंपाक करून राहिली,’ म्हणजे करतेय. पुण्याहून संपादकांचा फोन. “स्वयंपाक करून कुठे राहिली? पत्ता लिहायचा राहिलाय!”

सगळे संवाद प्रमाण भाषेत करा म्हणाले. पहिलीच कादंबरी, नाही म्हटलं तर छापणार नाहीत ही धास्ती. तरी मी बोलले, “मग सुनंदा बोलणारच नाही, सर.”

मी आशा सोडली, आणि बऱ्याच दिवसांनी संपादकांचा मेसेज आला: “कादंबरी पुन्हा वाचून राहिलोय!”

छापली. एक शब्द न बदलता!

*

नंतर एका वाचनालयातल्या कार्यक्रमात कविता नावाची एक वाचक उठली. जरीपटका भागातल्या साड्यांच्या दुकानात काम करणारी.

“मॅडम, सुनंदाचं शिक्षण लग्नात सुटलं. शेवटी कॉलेजच्या गेटपाशी येते, अन् तुम्ही पुस्तकच संपवलं! आत गेली का नाही ती?”

मी प्राध्यापकी उत्तर दिलं, “ते मी वाचकांवर सोडलंय.”

“असं नका करू नं मॅडम,” म्हणत ती खाली बसली.

यंदा जूनमध्ये मी ॲडमिशनच्या टेबलावर होते. माझ्यासमोर बारावीची एक जुनी, पिवळी पडलेली मार्कशीट आली. मान वर केली, तर कविता!

“मॅडम,” ती हसत म्हणाली, “गेली ती आत.”