तांबखडीचा उतार

मानसिंग फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण आमच्याकडे फौजेतून घरी आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला इलाज नाही. चोवीस वर्षं आसाम, लडाख, राजस्थान पाहून आलेला मेजर आता ऊस लावून गप्प बसेल, असं घरच्यांना वाटलं होतं. ऊस त्याने लावला. गप्प बसणं मात्र काही जमलं नाही.

तांबखडी इस्लामपूरपासून अर्ध्या तासावर, कृष्णेच्या काठाला. या नदीच्या दोन्ही अंगांनी इतक्या फौजा येऊन गेल्या की कुठेही नांगर घातला तरी इतिहास वर येईल, असं मानसिंग म्हणायचा. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी त्याला जुन्या कागदातल्या दोन ओळी उतरवून दिल्या होत्या: पहाटे तांबखडीच्या उताराने घोडदळ नदीपार झाले, काठावर झुंज झाली, साठ माणूस पडले. बस, एवढंच. पण एवढ्या पिठावर मानसिंगने अख्खी जेवणावळ उठवली. आजूबाजूच्या आणखी दोन लढायांच्या जागा जोडून त्याने दिवसभराची फेरी आखली. सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकणारी त्याची मुलगी सृष्टी फोनवर पाहुण्यांची नावं लिहून घ्यायची. फेऱ्या चालायच्या त्या ऊसतोडीनंतर. ऊस उभा असताना रणभूमी दाखवायची म्हणजे पाहुण्यांना हिरवी भिंत दाखवायची!

फेरीतली सगळ्यात झकास जागा म्हणजे उतार. नदी पायी ओलांडता येते ती जागा. बंधाऱ्याच्या खाली, मानसिंगच्याच रानाला लागून. तिथे पाणी गुडघाभर. मानसिंग बूट काढायचा, पँट दुमडायचा, काठी उगारून पाण्यात शिरायचा आणि घोडी कशी आली, कशी बिथरली, पहिला वार कुणी केला हे असं सांगायचा की पाहुणे काठावर उभ्याउभ्या ओले व्हायचे. पुण्याच्या एका बँकेचा मोठा साहेब तर रुमालात तोंड खुपसून रडला होता. जागेत लबाडी काही नव्हती. फौजेत नद्या ओलांडलेला माणूस, पाणी उथळ दिसलं, त्याने ठरवलं की उतार तो हाच.

सहा वर्षं हे चाललं. मग गावाने ठरवलं की तिथे स्मारकाचा दगड बसवायचा. दगड घडला, अक्षरं कोरली. शेवटच्या ओळीत होतं, ‘स्थळनिश्चिती: हवालदार मानसिंग’. ते पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मेजर दोनदा जेवला. उभारणी रविवारी होती.

गुरुवारी सकाळी तो काठावरचं गवत काढत होता. खाली भामाबाई वाकळा धूत होती. ऐंशीची म्हातारी, नावाड्याच्या घरातली.

“मेजर,” ती वाकळ पिळत म्हणाली, “रागाला येऊ नगा. पर हितं आमची नाव हुती.”

“हुती की. मग?”

“मग काय? गुडघाभर पान्यात कोन नाव घालतंय?”

मानसिंग विळा टाकून काठाशी खाली आला.

“हितं डोह हुता. हत्ती बुडंल एवढा. माज्या सासऱ्यानं ह्या काठावरनं त्या काठाला सारा मुलूख नेला. मग बंधारा झाला, दगडगोटा सगळा डोहात पडला, पानी वर अडलं. तुमी तवा चड्डीबी घालत नव्हता.”

“मावशी, सा वर्षं मी हितं बोंबलतोय. कवा बोलली न्हाईस ती?”

“कुनी इचारलंच न्हाई. आन तुमी सांगताय लय ग्वाड. मी वाकळ बडवायची थांबवून ऐकते. पर आता दगूड बसवताय म्हनल्यावर ऱ्हावलं न्हाई.”

“मग उतार कुटं हुता?”

तिने ओल्या हाताने खालच्या वळणाकडे बोट केलं. “उन्हाळ्यात नाव बंद असायची तवा गाड्या तितनंच जायच्या. लालासाब्याच्या रानाखालनं.”

घ्या! जग एवढं मोठं, आणि उतार निघाला तो लालासाहेबाच्या रानाखाली. लालासाहेब म्हणजे मानसिंगचा चुलतभाऊ. एका बांधावरून दोघांचं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. लग्नाकार्यात समोरासमोर आले तर दोघेही मांडवाचे खांब मोजायचे.

शुक्रवारी दिवस उगवायच्या आत मानसिंग काठी घेऊन वळणावर गेला. लालासाहेबाच्या उसाची तोड झालेली, त्यामुळे एरवी न दिसणारी जुनी पाणंद उघडी पडली होती. ती सरळ पाण्यात उतरत होती, आणि पलीकडच्या काठावर तिच्या नाकासमोर दुसरी पाणंद वर चढत होती. मानसिंग पाण्यात शिरला. पायाखाली गाळ नाही, गोटे नाहीत, सपाट काळा कातळ. काठीने चाचपत तो पार पलीकडे गेला. पाणी कमरेच्या वर आलं नाही. पाच घोडी एका रांगेत चालतील एवढी रुंद वाट होती. परत येताना मधोमध तो थांबला आणि एकटाच हसत सुटला. सहा वर्षं, दर हंगामात महिन्यातून चारदा, आपण ते सगळं घोडदळ डोहात बुडवत होतो!

हसू काठावर येईपर्यंत टिकलं. मग दगड आठवला.

“आबा,” सृष्टीने चहाचा कप ठेवत म्हटलं, “रविवार होऊन जाऊ दे. लोकांना निरोप गेलेत. भामाआजी कुणाला सांगणार नाही. पुढच्या वर्षी फेरीची जागा हळूच बदलू.”

तिचं म्हणणं सोपं होतं, आणि मानसिंगला ते गोडही लागलं. खोटं का सांगा? शनिवारी दिवसभर तो तेच घोकत होता. चूक कबूल केली तर पुढची फेरी कोण विश्वासाने ऐकेल? आणि दगड जाणार कुणाच्या बांधाला, तर लालासाहेबाच्या! पण डोळे मिटले की त्याला ती साठ माणसं दिसायची. आपण त्यांची गोष्ट सांगून टाळ्या घेतो आणि त्यांना मेल्या जागेवरही राहू देत नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं.

रविवारी काठावर शंभरेक माणूस जमलं. दगडावर भगवं कापड होतं. नारळ हातात देण्यात आला, तसा मानसिंग म्हणाला, “कापड काढू नका. जागा चुकली.”

मग त्याने सगळं सांगितलं. डोह, नाव, बंधारा, भामाबाई. कुठेच सारवासारव केली नाही.

“मेजर, मग सा वर्षं आमाला काय दावलंसा?” मागून कुणीतरी खेकसलं. हशा पिकला. मानसिंगचे कान तापले.

“चूक दावली,” तो म्हणाला. “खरी जागा खालच्या वळणाला हाय. लालासाहेबाच्या रानाखाली. पर त्याच्या परवानगीबिगर मी पाऊल टाकनार न्हाई.”

सगळ्यांच्या माना फिरल्या. लालासाहेब पिंपळाखाली बसला होता. तो सावकाश उठला, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

“तोडलेल्या उसाचा खोडवा फुटलाय,” तो लोकांना म्हणाला. “कोंबावर पाय दिला तर बघा. पाणंदीनं चला. म्होरं मी हुतो.”

दगड ट्रॉलीत चढला आणि सगळी वरात वळणाकडे निघाली. भामाबाई ट्रॉलीत दगडाशेजारी बसली होती, पाय हलवत. वळणावर पोचल्यावर सरपंचांनी हळूच विचारलं, “शेवटची ओळ छिन्नीनं काढायची का? जागा काय मेजरनी शोधली न्हाई.”

“ऱ्हाऊ द्या ती,” लालासाहेब म्हणाला. “खाली म्हातारीचं नाव घाला. पर मान्याचं खोडू नगा. गप बसला असता तर कुनाच्या बाला कळलं असतं?”

नऊ वर्षांनी त्याच्या तोंडून ‘मान्या’ ऐकलं आणि मानसिंगला भडभडून आलं. ते लपवायला त्याने घाईघाईने बूट काढले, पँट दुमडली आणि गोष्ट सांगायला पाण्यात पाऊल टाकलं. कातळावर शेवाळ होतं. पाय सटकला.

लालासाहेब चपलांसकट पाण्यात आला आणि त्याने मानसिंगचा दंड धरला. “सांग आता,” तो म्हणाला. मानसिंगने घोडदळ पार नेलं, झुंज लावली, साठही माणसं नावं असल्यासारखी एकेक करून पाडली, आणि तोवर लालासाहेब त्याचा दंड धरून तसाच पाण्यात उभा राहिला.