साडूंचं युरेनियम

मराठवाड्यात रागीट माणसांचा दुष्काळ कधी पडला नाही. पण शेअरला वर्गातल्या उनाड पोरासारखं समोर उभं करून झापणारा माणूस या मुलखात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, लातूरला त्यांच्या घरी दिल्या तेव्हा मध्यस्थानं सांगितलं होतं, 'मुलगा फिजिक्सचा प्राध्यापक, निर्व्यसनी, स्वभावानं जरा कडक.' हा 'जरा' वापरणाऱ्या मध्यस्थाला अक्का अजून शोधताहेत. साडू सकाळी उठायचे तेच कुणावर तरी रागावलेले. नळाला पाणी आलं नाही तर संतापायचे, आणि आलं तर 'आज कसं काय आलं?' म्हणून संतापायचे. वर्तमानपत्र ते वाचत नसत, त्याच्याशी भांडत. मी नांदेडहून त्यांच्याकडं गेलो आणि एस.टी. उशिरा पोचली, तर ती मीच हाकत आणल्यासारखे माझ्यावर डाफरत. आणि तोच आवाज न उतरवता माझ्या ताटात आणखी एक भाकरी का वाढली नाही म्हणून अक्कांवर.

या रागाला एक मोठी भर पडली ती भूकंपानंतर. गणपती बुडवून लोक झोपले होते त्या पहाटे किल्लारीकडची गावं आडवी झाली, आणि साडू कॉलेजची पोरं घेऊन तिकडं गेले. तिथं त्यांनी काय पाहिलं, ढिगाऱ्यातून कुणाला काढलं, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. परतले ते घरांवर रागावूनच. कुणाच्याही उंबऱ्यात पाऊल टाकलं की यजमानाकडं न बघता आधी आढ्याकडं बघायचे. एकदा नांदेडला आमच्या घरी आले, पलंगावरच्या फळीवर आमच्या सासूबाईंनी दिलेलं तांब्याचं घंगाळ ठेवलेलं दिसलं, आणि चहाला हात लावायच्या आधी स्टुलावर चढून त्यांनी ते खाली काढलं. "डोक्यावर मरण टांगून झोपता? शिकलेले का अडाणी तुम्ही?" माझी बायको घंगाळ पुसत म्हणाली, "भावजी, ते आईनं दिलंय." साडू म्हणाले, "मग आईला अंगणात ठेवा!" आपण काय बोललो ते त्यांना दाराबाहेर गेल्यावर कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सासूबाईंसाठी त्यांनी पेढे पाठवले.

पुढं लातुरात कोचिंगचं पीक आलं. हदगाव, धर्माबाद, देवणी, कुठूनकुठून आईबाप एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात पोरगं धरून येऊ लागले. साडूंनी कॉलेज सोडून क्लास काढला, तोही पत्र्याच्या शेडमध्ये; पत्रा पडला तरी माणूस मरत नाही म्हणून. बाकीचे सर लोक पैसा आला की प्लॉट घेत. साडूंना कुणी प्लॉट सुचवला की ते उसळायचे. "जमीन? ती हालती. म्या डोळ्यानं बघितलंय."

मी एकदा धीर करून विचारलं, "आणि शेअर हालत नाहीत व्हय?"

"हालतात. पण त्याच्याखाली कुणी झोपत न्हाई."



युरेनियम त्यांच्या डोक्यात घातलं ते भारनियमनानं. साडू फळ्यावर विजेचा धडा मांडायला खडू उचलायचे आणि वीज जायची. हे इतक्या नेमानं व्हायचं की पोरं म्हणायची, सरांचं विजेशी वैर आहे. अंधारात, घामात, तापलेल्या पत्र्याखाली साडू ओरडून शिकवायचे आणि मधेच थांबून गरजायचे, "कोळसा किती दिवस जाळणार? लिहून ठेवा, या देशाला अणूशिवाय गत्यंतर न्हाई!" पोरं बिचारी तेही लिहून घ्यायची. आपल्याकडं युरेनियमच्या खाणी सरकारच्या, खासगी माणसाला तिथं शिरकाव नाही, यावर त्यांनी सरकारला वर्षभर शिव्या दिल्या आणि मग कॅनडातल्या बर्फाखालच्या खाणींचे शेअर घ्यायचं ठरवलं. बँकेत जाऊन म्हणाले, "युरेनियमसाठी परदेशात पैसे पाठवायचेत." काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "युरियाचं खत-दुकानात बघा, सर." त्या दिवशी साडूंच्या ओरडण्यापुढं बँकेतल्या पंख्यांचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही म्हणतात. शेवटी पैसे गेले, शेअर आले, पण गावाला नाव मिळालं ते मिळालंच. लातुरात ते 'युरिया सर' झाले. हदगावचे आमचे एक मावसे ऐन पेरणीत त्यांच्याकडं येऊन बसले, "लई न्हाई, दोनच पोती द्या, ओळखीत." साडूंनी त्यांना अणूची रचना पाटीवर काढून दाखवली. मावसे सगळं ऐकून म्हणाले, "हाव, समजलं. एक तरी द्या."

कॅनडातला बाजार आपल्याकडच्या संध्याकाळी उघडतो. क्लास सुटला की साडू इंटरनेट कॅफेत जाऊन बसायचे. भाव उतरला की पडद्यावर बोट नाचवत त्यांची शाळा सुरू व्हायची, "का पडलास? कुणी ढकललं? काल तर चांगला होतास!" कॅफेतली गिऱ्हाइकं उठून जायची. विकून टाका म्हणणाऱ्यावर तर ते धावूनच जायचे. "पोरगं एका चाचणीत नापास झालं म्हणून मी त्याला वर्गातून काढतो का?" भाव चढला तरी खुशी नव्हती, इतके दिवस का चढला नाहीस, म्हणून राग.

या सगळ्या काळात त्यांना शंका विचारणारा एकच माणूस होता, शेजारच्या शेडमधले केमिस्ट्रीचे सर. सडपातळ, हळू बोलणारे. ते रोज चहाच्या गाड्यावर तोच प्रश्न काढायचे, "सर, वीज ठीक आहे. पण भट्टीतून जे उरतं ते हजारो वर्षं विषारी राहतं. ते ठेवणार कुठं?" साडू रोज त्यांना मूर्ख म्हणायचे. केमिस्ट्रीचे सर चहाचे पैसे देऊन निघून जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. असं कित्येक वर्षं चाललं. मग काय झालं कुणास ठाऊक, हेच सर एका हिवाळ्यात गप्पपणे तेच शेअर घेऊन मोकळे झाले. घराचा वरचा मजला बांधायला ठेवलेले सगळे पैसे त्यांनी त्यात घातले. साडू आनंदानं एवढे रागावले की गाडेवाल्याला म्हणाले, "आज सगळ्यांना चहा. अन् साखर घाल जरा, कंजूष!"

तो हिवाळा सरला आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जपानात भूकंप झाला, समुद्र गावांत शिरला आणि तिथल्या अणुभट्टीचे स्फोट साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिले. युरेनियमचे शेअर धाडकन आपटले. मी काळजीनं फोन केला.

"साडू, शेअरचं काय झालं हो?"

"तिकडं माणसं चिखलाखाली हायत अन् तुम्ही मला भाव विचारून राहिले? लाज कशी वाटत न्हाई?"

फोन आपटला. मीही संतापलो. आम्ही यांची काळजी करायची आणि यांनी आमची लाज काढायची! दोन दिवस मी बायकोपुढं त्यांना नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला, "पाव्हणं, या तुम्ही. हे जेवंनात. टीव्हीपुढून उठंनात."

गेलो. साडू खाली सतरंजीवर बसले होते. पडद्यावर जपानी माणसं फळ्या उचलून त्यांच्याखाली बघत होती. मला बघूनही ते रागावले नाहीत, तेव्हा मी घाबरलो. तेवढ्यात दारात केमिस्ट्रीचे सर दिसले. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. आता इथं काय होणार, हे आम्हा दोघांनाही कळेना.

सर सतरंजीच्या कडेला बसले. म्हणाले, "सर, एवढंच सांगायला आलो. तुमच्या सांगण्यावरून न्हाई घेतले. मी स्वतः वाचलं, मला स्वतःला पटलं."

"मला शिव्या द्या," साडू म्हणाले.

"कशाला?"

"द्या म्हणतो ना!"

"मला येत न्हाईत हो."

साडूंनी मान पडद्याकडं वळवली. मग म्हणाले, "तुम्ही विचारायचे, उरलेलं ठेवणार कुठं. मी तुम्हाला मूर्ख म्हणायचो."

"म्हणायचात."

"त्याचं उत्तर मला तेव्हाबी येत नव्हतं."

त्याच आठवड्यात साडूंनी आपले सगळे शेअर मातीमोलानं विकले. केमिस्ट्रीच्या सरांनी विकले नाहीत. म्हणाले, वीज तर लागणारच आहे, आणि गप्प बसून राहिले. फार वर्षांनी जगाला पुन्हा युरेनियम आठवलं, भाव वर गेला, आणि त्यांचा वरचा मजला उभा राहिला. वास्तुशांतीला साडू गेले, शिरा मागून घेऊन खाल्ला. संताप झाला तो माझा. एसटीत नांदेडपर्यंत मी चडफडत होतो. जन्मभर ज्याच्यासाठी हा माणूस जगाशी भांडला, ते त्यानं नेमकं नको तेव्हा सोडावं? आणि सोडलं तर निदान हळहळावं तरी!

आता क्लास बंद आहे. मोठमोठ्या फलकांच्या कोचिंगवाल्यांनी तो सगळा रस्ता घेतला. परवा लातूरला गेलो तेव्हा अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हलक्या आवाजात सांगितलं, "पाव्हणं, काहीतरी भांडण काढा त्यांच्याशी. घर लई गप्प झालंय."

मी बाहेर आलो. साडू खिडकीशी बसले होते. मी खाकरलो आणि शक्य तेवढ्या उद्धटपणे म्हणालो, "साडू, तुमचं ते युरेनियम म्हणजे सगळं थोतांड होतं. वर्गातल्या पोरांचीही तुम्ही दिशाभूल केलीत."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

साडूंनी माझ्याकडं पाहिलं. कपाळाची शीर जरा हलल्यासारखी वाटली. मी वाट बघत राहिलो.

"असंल बी," ते म्हणाले. "बसा की. लांबून आलात."

थोड्या वेळानं आत भांडी पुन्हा वाजू लागली.