कनातीपलीकडचा शेवट

वहिनी गेल्या त्या सकाळी अण्णा घरात नव्हते. ते टांगा आणायला गेले होते. डॉक्टर येऊन गेल्याला दोनच तास झाले होते, त्यांना पुन्हा बोलावण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तरी अण्णांनी एकाएकी खुंटीवरची टोपी काढली, "टांगा बघून येतो," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. शहापुरातल्या आमच्या गल्लीपासून टांग्यांचा अड्डा हाकेच्या अंतरावर आहे, पण त्यांना यायला अर्धा तास लागला. तोवर सगळं आटोपलं होतं... दारात टांगा उभा, टांगेवाला घोड्याला गवत टाकतोय, आणि माझे थोरले भाऊ उंबऱ्यातच थांबून माझ्या तोंडाकडे बघतायत. त्यांनी एवढंच विचारलं, "दत्तू, शेवटी काय म्हणाली रं?" मी म्हणालो, "काय न्हाय अण्णा, झोपंतच गेल्या." हे खोटं होतं. वहिनी बोलल्या होत्या, आणि काय बोलल्या ते सांगायचा मला पुढे दीड महिना धीर झाला नाही.

एका घरगुती बाईबद्दल पुरवणीच्या वाचकांनी का वाचावं, असं कुणी विचारील तर माझ्याकडे फार मोठं उत्तर नाही. आमच्या भागूवहिनींनी ना कधी भाषण केलं, ना कुठं नाव छापून आणलं. त्यांना नाद एकच, सिनेमाचा, आणि त्या नादाबद्दल तक्रारी मात्र सतराशे साठ. सिनेमाला नावं ठेवणारे या गावात गल्लोगल्ली आहेत, शाळामास्तर असल्यामुळे मी तर त्यांत पहिला. पण आम्ही नावं ठेवतो ती आपलं शहाणपण दाखवायला. वहिनी जीव लावून नावं ठेवायच्या, आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी लुगडं बदलून तयार असायच्या.

त्यांचं माहेर गुंजीचं. स्टेशनाला लागून शेत, त्यामुळे भात आणि आगगाडी या दोन गोष्टी त्यांना जन्मापासून ठाऊक. लग्नानंतर अण्णांनी त्यांना पहिला सिनेमा दाखवला तो निपाणीला, आमच्या मावशीकडे गेले असताना, माळावरच्या तंबूत. तंबाखूचा हंगाम होता. वखारीत दिवसभर काम केलेली माणसं तशीच उठून तंबूत आली होती, प्रत्येकाच्या अंगावरून तंबाखूची धूळ उडत होती, आणि पडद्यावर राजाराणीची ताटातूट होत असताना सगळा तंबू शिंकत होता. वहिनीही शिंकून शिंकून लाल झाल्या. मावशीनं विचारलं, कसा काय वाटला? वहिनी म्हणाल्या, चित्र झ्याक हाय, पण माणसं शिंकत्यात लई, आणि राणी रडतीया का तिलाबी तंबाखू लागलीया ते कळत न्हाय. ही त्यांची पहिली तक्रार. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या.

मग बेळगावातलं ते पत्र्याचं थेटर आलं. शनिवारी पहिल्या खेळाला आम्ही तिघं जायचो. आमच्या मंडळींचं सिनेमानं डोकं धरायचं, म्हणून ती घरी. वहिनींच्या तक्रारी थेटराच्या पायरीपासूनच सुरू व्हायच्या. बाकातले ढेकूण आपल्याआधी येऊन बसतात. लोक शेंगा खाऊन टरफलं पुढच्याच्या पाठीत टाकतात. तेव्हा मूकपट होते, पडद्यावर अक्षरं आली की अर्धं थेटर ती मोठ्यानं वाचायचं, त्यात वहिनींचाही आवाज, पण दुसऱ्यांनी वाचलेलं त्यांना खपत नसे. त्यांच्या शेजारी कायम एक कानडी बाई बसायच्या, बसव्वा. त्यांना अक्षरं वाचता येत नसत. वहिनी वाचून कानडीत सांगायच्या, आणि जरा थांबल्या की बसव्वा कोपरानं ढोसून विचारायच्या, "मुंदेनु?" म्हणजे पुढं काय? "त्या बाईनं मला सुखानं बघू दिलं तर शपथ," असं वहिनी दर शनिवारी म्हणत, आणि एखाद्या शनिवारी बसव्वा आल्या नाहीत तर सिनेमा बेचव झाला म्हणून कुरकुरत.

सिनेमात काय दाखवलंय यावर तर त्यांची नजर घारीची. एकदा नायिका डोक्यावर घागर घेऊन नदीवरून चालली होती आणि सगळे पुरुष श्वास रोखून तिची चाल बघत होते. त्या शांततेत बायकांच्या बाजूनं वहिनींचा आवाज आला, "घागर रिकामी हाय तिची. भरली असती तर मान अशी वळली असती व्हय?" सगळं थेटर हसलं. त्या दिवसापासून मी सिनेमातली एकही घागर भरलेली पाहिलेली नाही. आगगाडी दाखवली की गाडी उजवीकडे चाललीय आणि धूरही उजवीकडेच कसा, असं विचारायच्या. पुढे बोलपट आले तेव्हा मरायला टेकलेल्या माणसानं तीन कडव्यांचं गाणं म्हटलं, त्यावर त्या म्हणाल्या, एवढा दम हाय तर मरतोय कशाला.

पण त्यांची खरी तक्रार वेगळी होती, आणि ती रास्त होती. बायकांच्या बाजूला तारेवर कड्यांनी सरकणारी जाड खाकी कनात असे. दिवे मालवले की ती उघडायची, दिवे लागायच्या आत ती बंद व्हायची, म्हणजे उजेडात कुणा पुरुषाला बायका दिसायला नकोत. कनातीवर तानाक्का नावाची म्हातारी नेमलेली. ती जीव मुठीत धरून काम करणारी बाई. दिवे चुकून आधी लागले तर आपली नोकरी जाईल या भीतीनं ती शेवट जवळ आला की पाचसात मिनिटं आधीच कनात ओढून घ्यायची. पुढे चित्र चाललेलं, पुरुष टाळ्या वाजवतायत, आणि बायका अंधारात पोरं आणि वहाणा शोधतायत. एकदा वहिनींनी कनातीच्या फटीला डोळा लावला, तर तानाक्कानं त्यांच्या हातावर चापट मारली. वहिनी म्हणायच्या, "चाळीस खेळ बघिटलं भावजी, शेवट एकाचाबी न्हाय. एक तरी शेवट ह्या डोळ्यांनी बघायचाय मला." त्या हे हसून म्हणत, पण त्यांना ते मनापासून हवं होतं.

मग शेवट त्यांना कळायचा कसा? तर अण्णा सांगायचे. परत येताना खडेबाजारातून शहापूरपर्यंत पुढे ती दोघं, मागे मी. अण्णा सावकाश, हातवारे करत शेवट सांगायचे. हरवलेला मुलगा सापडायचा, आंधळ्या बापाला दिसू लागायचं, फाशीची शिक्षा झालेला निर्दोष सुटायचा. मागे चालणारा मी मान खाली घालून ऐकायचो, कारण खरा शेवट मी पाहिलेला असायचा आणि त्यात पोरगा नदीत बुडालेला असायचा. अण्णांनी शेवट कधी पाहिलाच नाही. पुढे काहीतरी वाईट होणार असा वास आला की त्यांचा हात मांडीवरच्या टोपीकडे जायचा. ती डोक्यावर चढवून ते माझ्या कानात म्हणायचे, "मी बायकांच्या दाराशी थांबतो, गर्दीत ती चुकंल," आणि निघून जायचे. वहिनी गर्दीत कधी चुकल्या नाहीत. मी एकदा चिडून विचारलं, अण्णा, असं खोटं कशाला सांगता? अण्णा कोर्टात नक्कल कारकून होते, दिवसभर निकालांच्या नकला करायचे. म्हणाले, "दिसभर लोकांचं निकाल उतरवून घेतोय रं. एकबी मला विचारून लागलेला नसतो. सांजच्याला एक तरी माझ्या मनागत लागूदे की."

बरं, वहिनी तो शेवट मुकाट्यानं घेतील तर त्या वहिनी कसल्या. त्यांचं लक्ष भलत्याच माणसांकडे असे. नायक नायिकेचं लग्न लागलं, ते असू दे, पण पहिल्या भागात सावकारानं हाकललेला तो गडी, त्याला कोण जेवू घालतंय? बसव्वांची नक्कल करत त्या अण्णांना विचारायच्या, "आवं, मुंदेनु?" आणि अण्णा दुसऱ्या दिवशी जेवताना त्या गड्याला बैलजोडी देऊन टाकायचे. तिसऱ्या दिवशी बैलाला चारा कुठून आला याची चौकशी व्हायची. दीड तासाचा सिनेमा आमच्या घरात बुधवारपर्यंत चाले. मला तेव्हा हा पोरखेळ वाटायचा. आता वाटतं, त्या घरात मी फार सुखात राहिलो.

थेटर नव्या मालकाकडे गेलं, बोलपटाचं यंत्र आलं, आणि मालकानं कनात काढून टाकली. बायकांची बाजू राहिली, आडोसा गेला. सगळ्या गल्लीला आनंद झाला, अण्णांचा चेहरा मात्र उतरला. त्यात नव्या थेटरात पहिल्यांदा लागला तो आम्ही पाहिलेल्याच एका जुन्या मूकपटाच्या कथेवरचा बोलपट. दाराशी मुलाची वाट बघणारी म्हातारी आई आणि तिचा इमानी गडी, अशी ती गोष्ट. अण्णांनी सांगितलेल्या शेवटात मुलगा परत आला होता, आईनं त्याचा चेहरा चाचपून त्याला ओळखलं होतं, आणि गड्याला दोन एकर शेत मिळालं होतं. मूळ चित्रात मुलगा येतो तेव्हा आई गेलेली असते. अण्णांनी आठवडाभर सबबी सांगितल्या, ताप आल्याचंही करून बघितलं. वहिनींनी ऐकलं नाही.

शेवट जवळ आला तसा अण्णांचा हात टोपीकडे गेला आणि ते उठून गेले. मी पडद्याकडे न बघता वहिनींकडे बघत होतो. त्या बाकाच्या कडेला येऊन बसल्या होत्या. मुलगा दाराशी पोचला, आई उठली नाही, संगीत वाजलं, दिवे लागले. वहिनी डोळ्याला पदर लावून बसून राहिल्या. मला वाटलं, आता पंधरा वर्षांचा हिशेब होणार. बाहेर अण्णा दाराशी उभे होते, न आलेल्या पावसासाठी छत्री उघडून. आम्ही घराकडे निघालो. मग अण्णाच चाचरत म्हणाले, "ह्येनी शेवट बदललेला दिसतोय."

"बदलला असंल," वहिनी म्हणाल्या. "म्या बघिटला. मला काय पटला न्हाय. तुमी सांगा."

अण्णांनी छत्री मिटली. रामलिंगखिंडीच्या वळणावर त्यांनी ती काखेत मारली. मग हळूहळू मुलगा परत आला, आईनं त्याचा चेहरा चाचपला... आणि वहिनींनी विचारलं, "मुंदेनु?"

त्यानंतर वहिनींनी प्रत्येक शेवट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि घरी येताना प्रत्येक वेळी अण्णांना विचारला. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना, साखर मिळेना, पण हा क्रम मोडला नाही. मी मात्र एक पाहून ठेवलं होतं. पडद्यावर गोष्ट शेवटाला आली की वहिनी आधी आमच्या बाजूला बघायच्या. अण्णांची जागा रिकामी दिसली की त्या पदर सावरून, नीट बसून तयार व्हायच्या.

त्या सकाळचंच आता सांगतो. वहिनींनी डोळे उघडले, खोलीत नजर फिरवली आणि मला विचारलं, "हे कुठं गेले, भावजी?" मी सांगितलं, टांगा बघायला गेलेत. त्या थोडं हसल्या. म्हणाल्या, "मग संपत आलं म्हणायचं." हात वर घेऊन त्यांनी पदर सारखा केला, आणि पुन्हा काही बोलल्या नाहीत.

हे अण्णांना कसं सांगावं? त्यांना तो टोमणा वाटेल, आयुष्यभर आपण ऐनवेळी उठून गेलो हे त्यांच्या जिव्हारी लागेल, अशी मला भीती होती. ते रोज माझ्याकडे बघायचे, आणि मी वह्या तपासायला घ्यायचो. पण मागच्या आठवड्यात जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, पदरासकट. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "हसली?"

"व्हय."

"पटलं न्हाय, असं न्हाय म्हणाली?"

"न्हाय अण्णा."

त्यांनी डोळे पुसले आणि दीड महिन्यात पहिल्यांदा आणखी भात मागून घेतला.

शनिवारी अण्णा स्वतःच म्हणाले, चल, पहिला खेळ बघू. ढेकूण अजून तिथंच आहेत. नायिका घागर घेऊन आली तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गोष्ट वाईटाकडे वळली, नायिकेचा म्हातारा बाप घर सोडून पावसात निघाला, आणि अण्णांचा हात टोपीकडे गेला. मी पाय आखडून त्यांना वाट करून दिली. पण त्यांनी टोपी उचलली नाही. ती दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट दाबून धरली आणि दिवे लागेपर्यंत बसून राहिले. माझ्या भावानं सत्तावन्नाव्या वर्षी पहिला शेवट पाहिला.

बाहेर पडल्यावर ते सवयीनं बायकांच्या दाराच्या बोळात वळले. मीही वळलो. बायका, पोरं सगळी निघून गेल्यावर आम्ही चालायला लागलो. खडेबाजारात दिवे लागत होते. अण्णा नाक ओढून म्हणाले, "शेवट काय पटला न्हाय रं. त्यो म्हातारा तसा मरणाऱ्यातला नव्हता. वाटंत त्याला एक गाडीवान भेटला आसंल बघ..." आणि एवढं बोलून ते थांबले, डाव्या हाताला जरा वळून, जिथं वहिनी चालायच्या तिकडे बघत.

मी मागे होतो. दोन पावलं झपाझप टाकून मी त्या बाजूला गेलो आणि विचारलं, "मुंदेनु, अण्णा?"