सुमनला दिलेली माफी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही. गुडघे टेकून बसते तेव्हा देवालासुद्धा नाही. त्याला ठाऊक असणार, ते वेगळं — मी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. आणि ऐकून झाल्यावर ‘निदान कबूल तरी केलंस’ असं काही मनात आलं, तर ते तुमच्याकडेच ठेवा.

आमची मंडळी लहान. चर्च गोंदियात, पण निम्मी माणसं कुडव्याहून, फुलचूरहून गाड्यांवर येतात. दर रविवारी उपदेशाच्या आधी थोडा वेळ मी बोलते. रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द घ्यायचा आणि त्यात ख्रिस्त कुठे भेटतो ते सांगायचं. मीठ. उसनं. उंबरठा. ‘उष्टं’ या शब्दावर बोलले तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. मी शाळेत मराठी शिकवते. शब्द माझं ऐकतात, असं मला वाटायचं.

सुमन माझी धाकटी जाऊ. सालेकशाकडच्या एका खेड्यातली. लग्नानंतर बाप्तिस्मा घेतलेली. मला ती आवडत नव्हती — हे आधीच सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. तिचं मोठ्याने बोलणं, अंगणात उभं राहून रस्त्यावरच्या बाईशी गप्पा मारणं, सगळंच खुपायचं. आणि सासूबाईंना तीच लागायची. सासूबाईंना लकवा झालेला, एक अंग गेलेलं, वाचा गेलेली. सुमन त्यांना तोंडावर ‘बुडी’, म्हणजे म्हातारी, म्हणायची आणि त्या अर्ध्या तोंडाने हसायच्या. मी ‘आई’ म्हणायचे. माझ्याकडे बघून त्या कधी हसल्या? मला आठवत नाही.

त्या दिवशी शनिवार होता. दुपारी सुमन माझ्या दारात आली, हातात पिशवी.

“बाई, मी बजारात जाऊन राहिली. बुडीकडे ध्यान ठेवजा.”

मी “हो” म्हटलं. नीट ऐकून, मान वर करून म्हटलं.

मग मी माझ्या खोलीत जाऊन दुसऱ्या दिवशीचं बोलणं मोठ्याने म्हणून बघत होते. शब्द होता ‘थांब’. आपण मुलांना, नोकरांना, भिकाऱ्यांना किती सहज थांब म्हणतो, आणि देवाने थांबायला सांगितलं की कसे चिडतो — असं काहीतरी. चांगलं जमत होतं. तेवढ्यात पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता घशातला आवाज. त्यांना लघवीचं भांडं हवं असलं की त्या तसा आवाज करायच्या. मला ओळखू आला. तरी मी काय केलं? “थांबा जरा!” म्हणून ओरडले आणि दार लोटून घेतलं. आवाज पुन्हा आला. पुन्हा आला. मी माझा आवाज वाढवला.

मग त्या खाटेवरून पडल्या.

खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, या प्रकृतीत ऑपरेशन झेपायचं नाही. घरी आणलं तेव्हा अंगणात शेजारपाजार जमलेला, माझा नवरा, दीर, आणि पिशवी हातात तशीच धरून उभी असलेली सुमन. दिराने विचारलं, “आईजवळ कोण होतं?”

मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मला वाटलं सुमन आहे. ती कधी गेली, मला कळलंच नाही.”

“तुमाले सांगून गेली ना जी मी!” सुमन म्हणाली. “तुमी हो म्हनल्या!”

मी मान खाली घातली — दुखावल्यासारखी. माझ्यासारखी बाई खोटं कशाला बोलेल? आणि सुमन तर सदा बाहेरच उभी असायची, सगळ्यांनी बघितलेलं. दीर तिच्यावर सगळ्यांदेखत असा ओरडला की ती दोन पावलं मागे सरकली. सासूबाई स्ट्रेचरवरून बघत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांना बोलता येत नव्हतं — आणि मी त्याच भरवशावर होते.

इथवर तुम्ही म्हणाल, भ्याली बिचारी. घाबरून माणूस बोलतं एखादं खोटं. नाही. पुढचं ऐका.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी मी जो शब्द निवडला तो ‘माफ’. बायबलातला ‘क्षमा’ मुद्दाम सोडला. म्हटलं, क्षमा पुस्तकात राहते, माफ बाजारात राहतो. धक्का लागला की माफ करा, भिकाऱ्याला नाही म्हणायचं तरी माफ करा. लोक हसले. मग मी आवाज खाली आणला. म्हणाले, “आमच्या घरात नुकतंच एक मोठं दुःख घडलं. एकीच्या निष्काळजीपणामुळे घडलं. मी खूप रडले, खूप रागावले. पण आज प्रभूसमोर उभी राहून सांगते — सुमन, मी तुला माफ केलं.”

बायका रडायला लागल्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. तुम्हाला कळतंय ना मी काय केलं ते? आरोप केला असता तर तिला नाकारता आलं असतं, कुणीतरी बाजू विचारली असती. माफीला कोण काय विचारणार? माफ केलं म्हटलं की गुन्हा तिने केलेलाच असतो. हे मला आधी कळलेलं होतं. म्हणूनच तो शब्द निवडला.

सुमन मागच्या बाकावरून उठली.

“मले कायची माफी देऊन राहिल्या, बाई? मी काय केली?”

शेजारच्या बाईने तिचा पदर ओढला. “बस वो, चर्च आहे हे.”

“काऊन बसू? सांगा ना, मी काय केली?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “प्रभू, तिचं मन कोमल कर.”

“आमेन,” मंडळी म्हणाली. एका सुरात. तिचा नवराही म्हणाला.

ती चपला हातात घेऊन बाहेर पडली. थोड्याच दिवसांत दीर-जाऊ दोघं सालेकशाकडे निघून गेली. मला बरं वाटलं — खोटं कशाला सांगू? घर शांत झालं. मग सासूबाईंना मी भरवायला लागले, आणि त्यांनी तोंड उघडणं बंद केलं. चमचा ओठाला लावला की भिंतीकडे मान वळवायच्या. नवऱ्याने भरवलं तर दोन घास खायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, “म्हातारी सुमनची आठवण काढून राहिली. तिने एवढा त्रास देऊनही माया बघा.” मी म्हणायचे, “हो ना.”

त्या गेल्या तेव्हा सुमन आली. तिनेच त्यांना न्हाऊ घातलं, केस विंचरले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले आणि मी बोलले. चांगलं बोलले. मी बोलत असतानाच ती कबरस्तानातून निघून गेली.

सुमन आता कुठल्याच चर्चमध्ये जात नाही. त्यांच्या गावाकडून कुणीतरी सांगत आलं, की ती म्हणते, तुमच्या देवाच्या माणसांचं तोंड बघायचं नाही. मंडळीत हळहळ झाली. हरवलेलं मेंढरू परत यावं म्हणून नाव घेऊन प्रार्थना करायची ठरली. पाळकसाहेब म्हणाले, घरचंच माणूस, तुम्हीच करा.

मागच्या रविवारी मी ती प्रार्थना केली. उभी राहून, डोळे मिटून, तिचं नाव घेऊन. आवाज जरासुद्धा हलला नाही.